मिनीव्हॅनच्या दाराचं हँडल सारखं तुटतंय? नवं घ्यायच्या आधी मागे काय जाम झालंय ते बघा

जुन्या मिनीव्हॅनची हँडलं मी इतक्या वेळा बदलली आहेत की पॅनलचा कुठला स्क्रू कुठे लपलाय ते आता बोटांनाच कळतं. त्यातली पहिली तीन हँडलं एकाच गाडीच्या एकाच सरकत्या दाराची होती. नवं आणायचं, बसवायचं, काही महिने सुखाचे जायचे आणि मग एके सकाळी घाईच्या वेळी मुठीत नुसता तुकडा. तिसऱ्या तुकड्यानंतर डोक्यात प्रकाश पडला. हँडल बिचारं निर्दोष होतं. दाराच्या आत एक केबल गंजून घट्ट झाली होती आणि तिचा सगळा राग हँडलवर निघत होता.

म्हणून कुठलं हँडल घ्यावं हे इथे बऱ्याच उशिरा येईल. आधी ते का तुटलं ते शोधू.

आधी लक्षणं

"हँडल गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं, ते दोन मिनिटं थांबून बघा. या मजकुरात लॉक म्हणजे दाराच्या कडेत बसलेली ती पंजासारखी पकड, आणि स्ट्रायकर म्हणजे चौकटीवरचा तो जाड गज, ज्याला पंजा धरतो.

- हँडल पोकळ लागतं, हाताला काही अडत नाही, दार ढिम्म. हँडलची ओढ लॉकपर्यंत नेणारा रॉड किंवा केबल सुटली आहे, नाहीतर दार मुळात कुलूपबंदच आहे.
- हँडल जड लागतं, दोन बोटांच्या कामाला अख्खा हात लावावा लागतो आणि मग खाडकन उघडतं. तुटायच्या आधी कित्येक महिने हँडल हेच सांगत असतं, पण आपल्याला त्याची सवय होऊन जाते.
- आतून उघडतं, बाहेरून नाही. लॉक शाबूत आहे. दोष बाहेरच्या हँडलमध्ये किंवा त्याच्या रॉडमध्ये.
- बाहेरून उघडतं, आतून नाही. बहुतेक वेळा चाइल्ड लॉक, म्हणजे मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून दिलेली सोय. हसू नका, यासाठी लोकांनी पॅनल उघडलेली मी पाहिली आहेत.
- सोडल्यावर हँडल जागेवर जात नाही, अर्धवट बाहेर राहतं. अशा वेळी दार आपटलं तरी लागत नाही, कारण अर्धवट ओढलेलं हँडल लॉकचा खटका उचलून धरतं.
- सरकतं दार पूर्ण उघडल्यावर तिथे थांबत नाही, उतारावर आपोआप परत येतं. दार उघडं धरून ठेवणारी वेगळी पकड असते, तिचा हा दोष.
- दोन्हीकडून उघडत नाही. हे अवघड प्रकरण, त्याचं शेवटी बघू.

हत्याराला हात न लावता

दार उघडा आणि त्याच्या कडेवर चाइल्ड लॉकची छोटी कळ शोधा. गाडी पुसताना फडका लागून किंवा आत चढणाऱ्याचा पाय लागून ती सरकते. कळ सरकवून आतलं हँडल ओढून बघा.

इंधनाचं झाकण ज्या बाजूला आहे त्या बाजूचं सरकतं दार अडत असेल तर झाकण नीट बंद आहे का पाहा. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये झाकण उघडं असताना ते दार पूर्ण सरकू नये म्हणून मुद्दाम अडसर दिलेला असतो. तो अडसर जुना होऊन झाकण बंद असतानाही अडकून राहू शकतो. तसंच सरकत्या दाराची काच खाली जाणारी असेल, तर काच उघडी असताना काही गाड्यांत दार अर्ध्यावरच थांबवलेलं असतं. हा बिघाड नाही, तशी रचनाच आहे.

दार मोटरवर चालणारं असेल तर त्याचा मुख्य स्विच बघा, चुकून बंद झालेला असतो. मग सेंट्रल लॉकिंग. रिमोट दाबल्यावर चारही दारांच्या लॉकचं बटण सारखंच वर येतं का? एखादं अर्ध्यावर अडखळत असेल तर त्या दाराचा लॉक उघडणारा छोटा मोटर थकलाय. बटण हाताने पूर्ण उघडून हँडल ओढा. दार उघडलं, तर हँडलचा काही संबंध नाही.

तळहाताची परीक्षा

ही माझी आवडती तपासणी. दार बंद असताना एका तळहाताने दार बाहेरून आत दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने हँडल ओढा.

आत दाबल्यावर हँडल एकदम हलकं झालं तर लॉक आणि केबल ठीक आहेत. जोर पडतोय तो पंजा आणि स्ट्रायकर एकमेकांवर घट्ट दाबले गेल्यामुळे. दाराचं रबर फुगलंय, चिकट झालंय, किंवा स्ट्रायकर थोडा आत सरकलाय. दाबूनही हँडल तितकंच जड राहिलं, तर गडबड दाराच्या आत आहे: लॉक सुकलंय किंवा केबल घट्ट झालीय.

पाच सेकंदांची परीक्षा, पण पुढचा सगळा रस्ता इथे ठरतो.

पहिला प्रकार निघाला तर रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. स्ट्रायकरवर एकाच बाजूला चकाकणारी घासल्याची खूण आहे का बघा. असेल तर तो हलवावा लागेल. बोल्ट सैल करायच्या आधी त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी जेमतेम एक मिलिमीटर हलवा आणि दार लावून बघा. बोल्ट परत कसताना हात राखू नका. अपघातात दार धरून ठेवणारी वस्तू हीच आहे.

स्क्रू ड्रायव्हर आणि लॉकचा पंजा

दार उघडं ठेवा. लॉकच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून पंजा आत ढकला, जणू स्ट्रायकरच आत शिरतोय. "कट्... कट्" असे दोन आवाज येतील. पहिला अर्धा टप्पा, दुसरा पूर्ण. आता हँडल ओढा. पंजा टपकन सुटून बाहेर यायला हवा. रेंगाळत, गोगलगायीसारखा आला तर लॉक घाणीने भरलंय.

पंजा सोडवल्याशिवाय दार लावू नका. बंद पंजावर दार आपटलं तर स्ट्रायकर, लॉक, रंग यांपैकी काहीतरी दुखावतंच.

लॉक साफ करायला गंज सोडवणारा स्प्रे चालतो, पण तो फक्त धुण्यापुरता. काही दिवसांत उडून जातो आणि लॉक पुन्हा कोरडं. इथेच बहुतेक जण फसतात: स्प्रे मारल्यावर दोन आठवडे दार लोण्यासारखं चालतं, मग पुन्हा तेच, आणि दोष हँडलवर. स्प्रे मारून पंजा पंधरा-वीस वेळा उघडमीट करा, काळं पाणी पुसून घ्या आणि मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, धूळ धरून चिखल होतो. तिथे ग्राफाइटची कोरडी पूड.

सरकत्या दाराचे रूळही याच वेळी बघून घ्या. वर एक, खाली एक आणि मागच्या काचेखाली बाहेरून दिसणारा एक असे तीन असतात. खालच्या रुळात खडे, नाणी, खेळण्याची चाकं, काय वाटेल ते सापडतं. रूळ ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसा. रुळात जाड ग्रीस थापू नका, वाळू चिकटून त्याचा सँडपेपर होतो. रोलरच्या आसाला थोडंसं पुरे. दार धरून वर-खाली हलवलं आणि मधल्या रोलरपाशी खडखडलं, तर रोलर झिजलाय. झिजलेल्या रोलरमुळे दाराची मागची बाजू लोंबते, पंजा स्ट्रायकरवर तिरका बसतो आणि हँडल जड होतं. ही साखळी लक्षात न आल्याने लोक हँडल बदलत राहतात. मीही बदलत राहिलो होतो.

आता पॅनल काढायचं

काच पूर्ण वर करून घ्या. दार मोटरवर चालणारं असेल किंवा दारात एअरबॅगचा सेन्सर असेल, तर बॅटरीची ऋण वायर काढून काही मिनिटं थांबा. स्क्रू आतल्या हँडलच्या वाटीत आणि हात टेकायच्या जागेत छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात. ते सगळे निघाल्याची खात्री करून मगच खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक उचकटा. जुनं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून हे काम उन्हं वर आल्यावर करा. क्लिपा थोड्या तुटणारच. नव्या आधीच आणून ठेवा.

आत चिकट काळ्या डिंकाने लावलेला प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका. काचेवरून दारात उतरणारं पाणी या पडद्यामुळे खालच्या छिद्रांतून बाहेर जातं. पडदा नीट परत चिकटवला नाही तर पुढच्या पावसात पायाखालची चटई भिजते आणि गळती कुठून होतेय ते शोधण्यात महिना जातो.

पुढच्या दाराचं गणित सोपं आहे. हँडलकडून एक रॉड लॉककडे जातो आणि त्याच्या टोकाला प्लास्टिकची छोटी क्लिप असते. हँडल पोकळ लागत असेल तर पुष्कळदा हीच क्लिप तुटून दाराच्या तळाशी पडलेली सापडते. हँडल धडधाकट, क्लिप तेवढी नवी, काम संपलं.

सरकत्या दारात भानगड जास्त. हँडल ओढलं की हालचाल आधी दारातल्या एका जोडपेटीकडे जाते आणि तिथून केबली फुटतात: एक मागच्या लॉककडे, बऱ्याच गाड्यांत एक पुढच्या लॉककडे, आणि एक दार उघडं धरणाऱ्या पकडीकडे. म्हणजे तुम्ही एका हाताने दोन-तीन पकडी एकदम सोडवत असता. त्यातली एक जरी अडली तरी सगळा भार हँडलवर.

म्हणून केबली एकेक करून जोडपेटीतून सोडवा. आधी फोटो काढा. नंतर सगळ्या सारख्याच दिसतात. मग प्रत्येकीचं टोक पक्कडीत हलकेच धरून ओढा. चांगली केबल गुळगुळीत सरकते आणि सोडली की स्प्रिंगने परत जाते. वाईट केबल करकरते, अडते, परत जात नाही. माझ्या तिन्ही हँडलांची मारेकरी मागच्या लॉककडे जाणारी केबल होती. तिच्या टोकाजवळ वरचं आवरण चिरलं होतं, तिथून पाणी शिरून आतली तार गंजली होती. बाहेरून बघितलं तर नवीकोरी वाटावी. अशा केबलीत तेल सोडून उपयोग नाही, ती बदलायचीच.

हँडल का तुटतं याचा हिशेबही इथेच दिसतो. बोटं समजा हँडलच्या आसापासून ९ सेंटिमीटरवर ओढतात आणि केबल धरणारा मागचा छोटा दांडा आसापासून ३ सेंटिमीटरवर आहे. हाताचा १० किलोचा जोर दांड्यावर ३० किलो होतो. त्यामुळे हँडल कधी माझ्यासारखं मुठीतच तुटतं, पण बहुधा बाहेर काही होत नाही. आतला तो दांडाच मोडतो आणि हँडल "पोकळ" होतं.

आता हँडल निवडू

जुनं हँडल काढून हातात घ्या आणि उलटं करा. मागे पार्ट नंबर कोरलेला असतो. शोध त्या नंबरावरून घ्या, फोटोवरून नको. फोटोत जुळी भावंडं दिसणाऱ्या हँडलांचे मागचे दांडे वेगळे निघतात.

नंबर पुसला असेल तर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर द्या. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे गोल दिसेल ते शून्य समजा आणि उभी काडी म्हणजे एक. गाडीचं मॉडेल वर्ष आणि ती कारखान्यातून निघाल्याचा महिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीला लावलेल्या पाटीवरचा महिना सांगा, कारण वर्षाच्या मध्येच पार्ट बदललेला असू शकतो.

डावं-उजवं हे चालकाच्या जागी समोर तोंड करून बसल्यावरचं. बाहेर दारासमोर उभं राहून ठरवलंत तर गोंधळ होऊ शकतो. "चालकाची बाजू" असं लिहिलेल्या पार्टपासून जपून राहा. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे त्यानुसार त्याचा अर्थ उलटा होतो, आणि किल्लीचं भोक कुठल्या दाराला हेही त्यावरच ठरतं.

मग भोक आहे की नाही, दार मोटरवर चालणारं असेल तर हँडलमध्ये छोटा स्विच आणि वायर आहे की नाही, चावीविना उघडणारी गाडी असेल तर सेन्सर आहे की नाही, हे जुळवा. किल्लीचा सिलिंडर जुन्या हँडलातून काढून नव्यात बसवता येतो, नाहीतर एका गाडीला दोन किल्ल्या वागवाव्या लागतील.

कशापासून बनलंय तेही बघा. प्लास्टिकच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत खूण असते. "पीए" म्हणजे नायलॉन, आणि पुढे "जीएफ ३०" असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू मिसळलेत. दांडा अशा मालाचा असला तर साध्या "एबीएस" प्लास्टिकपेक्षा टिकतो. "धातूचं आहे, तुटणार नाही" या बोलण्यावर जाऊ नका. ओतीव जस्ताचं हँडल हाताला दणकट लागतं, पण वाकत नाही, एकदम मोडतं; मोडलेल्या जागी करडे खडबडीत कण दिसतात. क्रोमचं हँडल बहुतेक वेळा क्रोम चढवलेलं प्लास्टिकच असतं. पापुद्रे सुटले की त्यांची कड ब्लेडसारखी कापते.

ओरिजिनल, डुप्लिकेट की भंगारातलं? बाहेरचं हँडल मी ओरिजिनल घेतो. आतलं हँडल, ज्यावर जोर कमी येतो, चांगल्या डुप्लिकेटवर भागतं. फक्त रंगाची छटा दिवसाच्या उजेडात जुळवा. भंगारातल्या हँडलचा रंग जुळून आला तर मोह होतो, पण तेही तुमच्याच हँडलच्या वयाचं आणि तितकंच थकलेलं आहे. घ्यायचंच तर दांड्याच्या मुळाशी पांढरट रेघ आहे का बघा. ती तडा जाण्याची सुरुवात असते.

रंग द्यायचा असेल तर बसवण्याआधी, भाग सुटे करून. प्लास्टिकचा प्रायमर लावल्याशिवाय रंग टिकत नाही. आसावर आणि घासणाऱ्या कडांवर रंग जाऊ देऊ नका, नाहीतर नवं हँडल पहिल्याच दिवशी अर्धवट बाहेर अडकेल.

बसवताना

हँडल आणि पत्रा यांच्यामधलं रबर विसरू नका. नट आधी हाताने लावा, मग छोट्या पान्याने सगळे थोडे थोडे आवळत जा. प्लास्टिकमधले खिळे जोर लावला की आतून फिरतात आणि आटे जातात.

पॅनल लावायच्या आणि दार बंद करायच्या आधी स्क्रू ड्रायव्हरने पंजा बंद करून हँडल ओढा. बाहेरून वीस वेळा, आतून वीस वेळा, किल्लीने, रिमोटने. एकदा मी उत्साहात केबल न अडकवताच दार ओढून घेतलं. दार बंद, आतून उघडेना, बाहेरून उघडेना, आणि पॅनलचा एक स्क्रू दाराच्या कडेवर, म्हणजे दार उघडल्याशिवाय न दिसणारा. ती संध्याकाळ मागच्या सीटवर आडवं पडून, दातात टॉर्च धरून गेली.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

दार दोन्हीकडून उघडत नसेल आणि वर सांगितलेल्या बिनहत्यारी तपासण्या होऊन गेल्या असतील, तर जबरदस्ती करू नका. बंद दाराचं पॅनल काढणं हे सवयीचं काम आहे. घाईत पॅनल, पत्रा आणि काच तिन्ही जाऊ शकतात.

दार चालत्या गाडीत उघडलं, किंवा पंजा दुसऱ्या "कट्" पर्यंत जातच नसेल, तर गाडी चालवूच नका. दोरीने बांधून नेणं हा उपाय नाही. गाडी उचलून न्या.

मोटरवर चालणाऱ्या दाराची केबल उसवली असेल, मोटर कण्हत असेल, किंवा दाराकडे जाणाऱ्या वायरी रुळाजवळ दुमडून तुटल्या असतील तर ते काम घरचं नाही. पॅनल काढल्यानंतर एअरबॅगचा दिवा लागून राहिला तरी तेच. लॉकचे स्क्रू गंजून डोकी गोल व्हायला लागली, तर पहिल्याच स्क्रूला थांबा. चार खराब केलेले स्क्रू काढायला मेकॅनिकलाही घाम फुटतो. आणि गाडीला कधी त्या बाजूने ठोकर बसली असेल, दाराच्या भोवतीची फट वर अरुंद, खाली रुंद असेल, तर चौकट किंवा रूळ वाकलाय. तिथे कुठलंही हँडल टिकणार नाही. आधी डेंटिंगवाल्याकडे.

तोवर आतून न उघडणाऱ्या दाराशेजारी लहान मूल किंवा म्हाताऱ्या माणसाला बसवू नका.

मेकॅनिककडे जाताना जुनं हँडल, तुटलेला दांडा आणि केबलींचे फोटो घेऊन जा. "हँडल बदला" एवढंच सांगितलंत तर तो हँडलच बदलेल. दार आत दाबल्यावर हँडल हलकं होतं की नाही, पंजा टपकन सुटतो की रेंगाळतो आणि कुठली केबल करकरते, हे तीन मुद्दे त्याला सांगा.